बांगडी अडकली की उठायचं

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील नंदुरबारच्या एका छापखान्यात मशीनवर होते. गावात जो कोणी काही मागायला निघे, मग ते नळाचं पाणी असो, रस्ता असो की एसटीची एखादी फेरी, त्याचं पत्रक ते छापून देत आणि उरलेल्या प्रती घरी आणत. माझ्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं, डब्यातल्या भाकरीखाली तोच कागद. वाचायला मी मोर्चाच्या मागण्यांवरून शिकले. उद्गारचिन्ह हे बाराखडीतलंच एक अक्षर आहे, असं मला दुसरीपर्यंत वाटत होतं.

सोळाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. मथळा होता, ‘बांगड्या नव्हेत, बेड्या!’ शाळेच्या फाटकावर उभी राहून ते वाटलं आणि त्याच दिवशी हातातल्या चारही काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. आईने पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि म्हणाली, “बेड्या ते बेड्या. पण भाकर थापताना मन्ह्या बेड्या वाजतस, म्हनीसन तुन्हा बापले समजस का जेवण तयार व्हयनं.” वडील हसले. मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

बांगड्यांची ही हकिकत आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्यासमोर मान तुकवावी लागली.

गेल्या वर्षी होळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक मावशी राहते. नात्याची नाही, पण मला कळतं तेव्हापासून मावशीच. मूळची म्हसावदची, नवऱ्यामागे इथे आली आणि गेली वीस वर्षं हंगाम आला की मिरचीच्या पथारीवर जाते. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं माळरान. तिथे ओल्या लाल मिरच्या पसरून वाळवतात. लांबून पाहिलं तर जमिनीवर कुणीतरी लाल लुगडी वाळत घातली आहेत असं वाटतं. जवळ गेलं की पहिली शिंक येते, मग दुसरी, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. बायका ओळीने बसून देठ खुडतात, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढतात. वर आभाळ, खाली मिरची, आणि मध्ये त्या.

त्या दिवशी मावशी दुपारी दोनलाच रिक्षातून घरी आली. मी धावत गेले. ती खाटेवर पडून होती, कपाळावर ओलं फडकं.

“काय व्हयनं व मावशी?”

“काय नही. उठनू, ते मिरच्या उभ्या व्हयन्यात आनि मी आडी पडनू.” मग स्वतःच खुदकन हसली. “शेठनी पाणी पाजं. म्हने, मावशी, सकायले काही खायेल नही का? आते मी दोन भाकरी खाईसन गयेल व्हतू!”

मी तेव्हा घरून जाऊन-येऊन शहाद्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी मी उष्णतेचं प्रकरण काढून बसले. परीक्षेसाठी ते आधी दोनदा वाचलं होतं. मावशीसाठी वाचताना ते पहिल्यांदा समजलं.

बाहेर ऊन वाढलं की शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला बघतं. त्यासाठी कातडीखालच्या बारीक बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. एरवी कातडीकडे थोडंसंच रक्त जातं, तापल्यावर मात्र तिकडे लोट सुरू होतो. आतली ऊब घेऊन रक्त कातडीशी येतं, घाम वाळतो, रक्त थोडं निवतं, परत आत जातं. सोय चांगली आहे. पण शरीरातलं रक्त काही वाढत नाही, आहे तेच वाटायचं असतं. आमच्याकडे उसाला पाणी सोडतात तेव्हा पाण्याच्या चारीवरची सगळी दारं एकदम उघडली तर शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही. मावशीचंही तेच झालं होतं. कातडीची सगळी दारं उघडी, घामात पाणी गेलेलं, आणि ती बसल्या जागेवरून झटकन उभी राहिली. रक्त पायांकडे उतरलं. डोकं हे चारीच्या टोकाचं शेत. तिथे क्षणभर कोरडं पडलं.

मी हे सगळं तिला उसाच्याच भाषेत सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

“म्हंजे मन्हा डोकाना बारा चुकना,” ती म्हणाली. बारा म्हणजे पाण्याची पाळी. मी पानभर सांगितलेलं तिने पाच शब्दांत आटोपलं.

“मग आता उन्हात जाऊ नको,” मी म्हणाले.

“सोमवारले जासू.”

“मावशी!”

“हंगाम सरी ऱ्हायना, पोरी. शेवटला माल शे. मी नही गयी ते मन्ही जागा दुसरी लेई.” मग माझ्याकडे तिरकं बघून, “तू इतलं शिकनी ना? शेठले सांग. सावली कर म्हनो. दुपारले आम्हले उठू दे म्हनो. नही ते पत्रक काढ. तुन्हा बापना कागद काय भाकरी गुंडाळाले शे?”

गुरुवार होता. सोमवारी मावशी पुन्हा त्याच उन्हात बसणार होती. तीन दिवस माझ्या हातात होते.

रात्रीपर्यंत पत्रक तयार झालं. मागण्या दोन: निवडायच्या जागेवर जाळीची सावली, आणि दुपारच्या कडक उन्हात विसावा. वडिलांनी वाचलं. ते नेहमी म्हणत, पत्रक एका पानाचं असावं आणि खालच्या ओळीत काय करायचं ते असावं. त्यांनी माझी अकरा उद्गारचिन्हं खोडून दोन ठेवली. मी एकासाठी भांडले, तर म्हणाले, “एक ऱ्हाऊ दे पुढला पत्रकले.”

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी पथारीवर गेले. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत पंधरा-वीस बायका डबे उघडून बसल्या होत्या. मावशीही माझ्याबरोबर आली होती, “आयकाले” म्हणून. मी उभी राहून वाचायला लागले. उन्हाची लक्षणं ओळखा. पहिलं लक्षण: चेहरा आणि त्वचा लाल होणे.

एक बाई घास थांबवून म्हणाली, “काय होणे?”

“लाल होणे. रक्त कातडीकडे येतं, म्हणून.”

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ती बाई, जिला सगळ्या वहिनी म्हणत, शेजारणीची हनुवटी धरून तिचं तोंड इकडून तिकडे फिरवायला लागली. “दाखव व, कोठे लाल शे ते दाखव! हाई ते तवाना बूडसारखी काळी शे!”

“आनि तू काय दूधमा धुयेल शे?” शेजारीण तिचा हात झटकत म्हणाली.

“मिरचीनी धूळ बठी का समदासनं तोंड लालच,” तिसरी म्हणाली. “म्हंजे आम्ही सकायपासूनच बीमार!”

हशा उसळला. मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. मी कागद हातात धरून उभी. पुस्तकात जे लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं उतरवलं होतं. पुस्तक ज्याने लिहिलं त्याच्यासमोर गोऱ्या कातडीची माणसं असतील. रक्त इथेही तितकंच येत होतं, फक्त सावळ्या कातडीवर ते दिसत नव्हतं. जन्मभर याच बायकांमध्ये राहून मला एकदाही हे सुचलं नाही, याची लाज वाटली. भर पथारीवर मी पेनाने ती ओळ खोडली.

“मग तुम्हाला कसं कळतं, ऊन बाधतंय ते?”

“नही समजत,” वहिनी सहज म्हणाली. “हात ते सकायपासूनच जळतस. उन्हानं का मिरचीनं, कोन सांगी?”

हे मात्र पुस्तकातही होतं. कातडीत गरमपणाची वर्दी देणाऱ्या ज्या नसा असतात, त्याच नसांना मिरचीतला तिखट अंश जागं करतो. मग हात गार असला तरी मेंदूला वर्दी जाते, आग लागली. आणि कातडी आधीच तापलेली असेल तर ही आग आणखी चढते. म्हणजे या बायकांच्या हातावर दोन दोन आगी होत्या, एक खरी आणि एक मिरचीची, आणि दोन्हींचा निरोप्या एकच. त्या निरोप्याकडून खरं काय ते कसं कळणार?

शनिवारी मी शेठकडे गेले; मावशीही बरोबर आली आणि बायकांच्या ओळीत जाऊन बसली. शेठ म्हणजे पथारीचे मालक. ते आणि वडील एका वर्गात होते, म्हणून मी त्यांना काका म्हणते आणि ते मला बेटा. माणूस वाईट नाही. मावशीला रिक्षा त्यांनीच करून दिली होती. पण त्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात कूलर होता, आणि कूलरचा आवाज आला की बाहेरचं काही ऐकू येत नसे.

“बेटा, मी बी उन्हातच वाढलो,” ते म्हणाले. “आता एवढ्यात बाहेर फेरी मारून आलो. काही वाटलं नाही. कोरडं ऊन आहे आपलं. अंगाला सवय असते.”

मी याचीच वाट बघत होते. येताना मी तीन घमेली मांडायची तयारी करून आले होते. एकात गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ आणि पाणी. दुसऱ्यात पथारीवर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी, जे हाताला चटका देतं पण पोळत नाही. तिसऱ्यात माठातलं आणि नळाचं मिळून साधं कोमट. काकांना सांगितलं, एक हात बर्फात घाला, एक गरम पाण्यात. त्यांना मजा वाटली. कामावरच्या बाया दारात गोळा झाल्या. थोड्या वेळाने मी म्हणाले, “आता दोन्ही हात एकदम तिसऱ्यात.”

काकांनी हात घातले आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अरे! हा म्हणतो गरम, हा म्हणतो गार! पाणी तर एकच!”

“बघा!” मी विजयाने म्हणाले. उद्गारचिन्ह आपोआप आलं. “कातडी खरं तापमान सांगतच नाही. आधीपेक्षा काय बदललं तेवढं सांगते. आणि बदल जुना झाला की तेही सांगायचं सोडून देते. म्हणून तुम्हाला ‘काही वाटलं नाही’ याला काही अर्थ नाही.”

काका रुमालाने हात पुसत होते. सावकाश, एकेक बोट. मग म्हणाले, “खरंय बेटा. माझ्या कातडीवर भरवसा नाही. मग त्यांच्या कातडीवर तरी का ठेवायचा? त्या म्हणतात फार तापतंय. तेही कातडीच सांगते ना?”

दारातल्या बायकांमध्ये कुणीतरी “हाऽऽ” केलं. माझंच हत्यार, माझ्याच घमेल्यातलं, माझ्यावर उलटलं होतं. वर काकांनी प्रेमाने मला चहा पाजला. तो चहा मला आजही आठवतो, कारण त्याची चवच कळली नाही.

ऑफिसातून बाहेर पडून मी बायकांच्या ओळीपाशी येऊन बसले. दीड वाजला असेल. रडू येत नव्हतं, पण राग फार आला होता आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. म्हणून नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसले. देठ खुडताना बांगड्या मधे मधे येतात, म्हणून बायका त्या सारख्या मागे सारतात, मनगटावरून कोपराकडे. वहिनीने सारल्या. त्या चार बोटं चढल्या आणि थांबल्या. तिने पुन्हा रेटल्या. हलल्या नाहीत. तिने ‘च्च’ केलं, कुणाला काही न बोलता उठली आणि माठाकडे गेली. पाणी पिऊन बाभळीखाली टेकली. तिच्या उजवीकडच्या दोघी तिच्याकडे बघून आपापल्या बांगड्या चाचपायला लागल्या.

“वहिनी कसाले उठनी?” मी मावशीला विचारलं.

“बांगडी अडकनी तिनी.”

“म्हणजे?”

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत कधी गेलेच नव्हते. “सकायले बांगड्या आठे लगून चढतस,” तिने कोपराच्या खाली बोट ठेवलं. “ऊन चढनं का हात भरी जातस. मंग बांगड्या आठेच अडकतस,” बोट मनगटापासून थोडंसंच वर. “अडकनी का समजानं, आते उठो. नही उठनं ते चक्कर येस.”

“मग परवा तू का नाही उठलीस?”

“मन्ह्या बांगड्या त्या दिन फुटेल व्हत्यात ना व! धुणं धुताना. नव्या भराले टाईम नही भेटना.”

पुस्तकातलं प्रकरण डोळ्यांपुढे उभं होतं. उन्हात रक्त कातडीकडे धावतं, वाहिन्या रुंदावतात, हात-पाय थोडे फुगतात. ते रक्त सावळ्या चेहऱ्यावर दिसत नाही, कातडीला स्वतःला सांगता येत नाही, पण काचेची बांगडी ते बरोबर मोजते. बांगडीला सवय लागत नाही. तिला मिरची झोंबत नाही. कूलरमधून आली काय आणि उन्हातून आली काय, तिचा घेर तोच. वीस वर्षं या बायका हातात मोजमाप घालून बसल्या होत्या आणि मी त्याला बेड्या म्हणत होते.

मी पुन्हा ऑफिसात गेले. या वेळी मावशी आणि वहिनी बरोबर होत्या. काकांनी बांगडीचं ऐकून घेतलं आणि हसले.

“बेटा, उद्या ही वहिनी घट्ट बांगड्या भरून येईल आणि सकाळी नऊलाच म्हणेल, अडकली.”

“आनि शेठ, तुम्हनी अंगठी?” मावशी म्हणाली.

काकांच्या उजव्या हातात पिवळ्या खड्याची जाड अंगठी होती. बोलताना ती गोल गोल फिरवायची त्यांची सवय होती. आताही फिरवत होते. ते थांबले.

“तिचं काय?”

“काही नही. तुम्ही एक तास आम्हनाजोडे बसा. देठ खुडा. तुम्हनी अंगठी अशीच फिरनी, ते आम्ही काही मांगत नही. सोमवारले मी गुमान बससू.”

अंगठी फिरली असती तर मावशीचा सोमवार गेला असता. मी तिचा पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला. काकांना मात्र पैज आवडली. “चला,” म्हणाले. “लहानपणी कमी खुडल्या का मिरच्या?”

ते खरंच येऊन बसले, पांढरा लेंगा सावरत, मावशी आणि वहिनीच्या मधे. पथारीवर असा हुरूप मी कधी पाहिला नव्हता. कुणी त्यांना कमी तिखट मिरच्या पुढे सरकवत होतं, कुणी मुद्दाम लवंगीसारख्या बारीक. “शेठ, देठ खुडो, मिरची नको तोडा!” “शेठ, मुकादम येई ऱ्हायना, हात चालवा!” काका पहिला पाव तास टोले परतवत होते. मग त्यांनी घाम पुसला, आणि पुसला तो मिरचीच्या हाताने.

पुढचं सांगायला नको. पाणी, ताक, पदराचे वारे, आणि घरून जेवणाचा डबा घेऊन नेमक्या त्याच वेळी आलेल्या काकू. “डोळा चोळू नका, अजून लागेल,” मी ओरडत होते. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तीस वर्षं मिरचीचा धंदा, आणि हात कुठं लावायचा ते माहीत नाही?” एवढं होऊनही काका उठले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. डोळा निवल्यावर लाल डोळ्याने पुन्हा बसले. तास म्हणजे तास.

तास संपला तेव्हा सगळ्यांची कामं थांबली होती. काकांनी अंगठीला बोट लावलं. फिरवली. नाही फिरली. जोर लावला. बोटाचं कातडं अंगठीबरोबर सरकलं, पण अंगठी जागची हलेना. त्यांनी डाव्या हाताने धरून ओढून पाहिली. वहिनी म्हणाली, “शेठ, सकायले काही खायेल नही का?”

काकूंना सगळ्यात आधी हसू फुटलं.

अंगठी माठाच्या गार पाण्यात हात बुडवून आणि साबण लावून थोड्या वेळाने निघाली. त्या वेळात काका बाभळीखाली पाय पसरून बसले होते आणि वडिलांबद्दल बोलत होते, शाळेत दोघांनी मिळून मास्तरांविरुद्ध पत्रक कसं काढलं होतं ते. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. मधेच म्हणाले, “पण मिरची दुपारी उलथावी लागते, बेटा. नाही तर खालून ओल राहते.”

“अकरा वाजता उलथी देसूत,” मावशी म्हणाली. “मंग सूर्य त्यानं काम करी. त्याले आम्हनी साक्ष कसाले पाहिजे?”

निवडायच्या जागेवर हिरवी जाळी बांधायची आणि दुपारचं उठायचं, असं ठरलं. कधी उठायचं, यावर मात्र माझं आणि बायकांचं भांडण झालं. त्या म्हणाल्या, बांगडी अडकली की. ओळीत दोघी अशा होत्या की ज्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या. दोघींचे नवरे गेलेले. माझ्यातलं सोळा वर्षांचं पत्रक पुन्हा जागं झालं. मी म्हणाले, ज्यांना बांगडी नाही त्यांनी मरायचं का? आधी त्यांनी बांगड्या भराव्यात, कोण अडवतं ते बघू. त्या दोघींपैकी थोरली म्हणाली, “तुन्हा पत्रकसाठे मी बांगड्या भरू का, बाय? मन्हं मन व्हई तव्हय भरसू.”

“त्या दोन्ही आम्हना मधमा बसतस,” मावशी म्हणाली. “शेजारनीनी बांगडी अडकी का त्या बी उठतस. कायमच.”

तेव्हा मला खालची ओळ सापडली. वडील म्हणायचे ती, काय करायचं ते सांगणारी. त्या संध्याकाळी छापखान्यातच बसून मी दुसरं पत्रक काढलं. वर एका हाताचं चित्र, मनगटावर बांगड्या आणि कोपराकडे जाणारा बाण. लाल होण्याबद्दल एक शब्दही नाही. झटकन उठू नका, आधी पाय हलवा, मग उठा, एवढी एक ओळ मावशीच्या चकरेची. आणि शेवटी: ‘कुणा एकीचीही बांगडी अडकली की सगळ्यांनी उठायचं!’ वडिलांनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. उद्गारचिन्ह खोडलं नाही.

“मास्तरांविरुद्ध पत्रक?” मी विचारलं.

“कोन सांगं तुले?” म्हणत ते मशीनकडे वळले.

सोमवारी मावशी गेली. मीही गेले, कॉलेज बुडवून. सकाळी कासाराच्या दुकानासमोर तिने मला हाताला धरून थांबवलं. “चाल, तू बी भर.”

“मी? मावशी, मी तर...”

“तुले कसं समजी मंग, पत्रक खरं का खोटं?”

मी पाच वर्षांनी बांगड्या भरल्या. हिरव्या, काचेच्या, चार. मोजमापासाठी, असं मी कासारालाही सांगितलं. तो म्हणाला, ताई, सगळ्या काही ना काही कारणानेच भरतात. मावशीनेही नव्या भरल्या आणि पथारीवर पोचेपर्यंत दहा वेळा वरखाली करून पाहिल्या.

अकराला मिरच्या उलथून झाल्या. बारा वाजून गेले. जाळी अजून नवी होती, तिच्या कडा वाऱ्याने फडफडत होत्या आणि खाली सगळ्यांच्या हातांवर हिरवट चौकटी पडल्या होत्या. मी देठ खुडत होते, वहिनीच्या निम्म्या वेगाने. साडेबाराच्या सुमाराला मी बांगड्या मागे सारल्या. चार बोटं गेल्या आणि थांबल्या. मला वाटलं, मीच ढकलायला चुकले. पुन्हा सारल्या. नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं. बाकी सगळ्या खाली मान घालून काम करत होत्या. सगळ्यात आधी आपणच उठायचं, हे मला जड जात होतं, आणि पहिल्यांदा मला कळलं की इतकी वर्षं या बायका चक्कर येईपर्यंत का बसून राहत असतील.

“मावशी,” मी हळूच म्हणाले. “अडकली.”

मावशीने हातातली मिरची खाली ठेवली. आधी पाय हलवले, मग उठली. “उठा व,” ती ओळीला म्हणाली, “पोरीनी बांगडी अडकनी.” आणि सगळ्या उठल्या, त्या दोघीही, पदर झटकत, माझ्या नाजूक हाताची टिंगल करत. मावशी न अडखळता, न डगमगता बाभळीपर्यंत चालत गेली. मी तिच्या मागे मागे गेले, तिचं प्रत्येक पाऊल बघत.

पथारीवर मिरच्या एकट्याच वाळत होत्या. ऑफिसच्या दारात काका उभे होते, अंगठी फिरवत. थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले, मग अंगठी फिरेनाशी झाली. ते बाहेर आले आणि पायातल्या चपला ओढत सावलीकडे यायला लागले. वहिनीने त्यांच्यासाठी सरकून जागा केली.